पहिल्या जीपचे नंबर

“कॉम्प्युटरला आमच्या डोंगराचा राग हाय का?” सखूबाईंनी ग्रामपंचायत कार्यालयात येताच विचारले.

अकोले तालुक्यातले हे एक बाजाराचे गाव. नाव देत नाही. आठवडे बाजारातील ओट्यांचे वाटप तिथे दरवर्षी कॉम्प्युटरवर सोडत काढून होते. जेवढे ओटे, तेवढेच विक्रेते. कोणाला कुठला, एवढाच प्रश्न. डोंगरावरच्या वाड्यांतील बायकांना सलग तिसऱ्या वर्षी नाल्याकडची रांग मिळाली होती. तिथे वासामुळे गिऱ्हाईक थांबत नाही. तांदूळ, नाचणी ओल धरतात. सखूबाई या बायकांच्या पुढारी. सोडत चालवणारे लिपिक साळवे व्यापाऱ्यांना सामील आहेत, असा त्यांचा आरोप होता. यंदाही नालाच राहणार असेल, तर बाजार सोडायचे त्यांनी ठरवले होते.

माझा नगरमध्ये सॉफ्टवेअरचा छोटा व्यवसाय आहे. प्रोग्राम तपासायला कार्यालयाने मला बोलावले. तो बनवणारा आता फोन उचलत नव्हता.

प्रोग्राम पायथन भाषेतला, जेमतेम पानभर. सोडतीसाठी भाषेसोबतच मिळणारी रँडम लायब्ररी, म्हणजे कसेही आकडे काढून देणारा तयार कोड, वापरली होती. इथे थोडे स्पष्टीकरण हवे. कॉम्प्युटर फासे टाकत नाही. ही लायब्ररी सुरुवातीच्या एका संख्येवर गणित करत आकड्यांची रांग काढते. रांग विस्कळीत दिसते, पण पूर्ण ठरलेली असते. म्हणून तिला स्यूडो-रँडम म्हणतात, म्हणजे रँडम भासणारी. सुरुवातीची संख्या म्हणजे सीड. सीड दिले नाही, तर लायब्ररी दर वेळी नवे घेते. ठरावीक दिले, तर दर वेळी तीच रांग निघते. चाचणी करताना प्रोग्रामर मुद्दाम ठरावीक सीड देतात आणि नंतर ती ओळ काढतात. इथे ती तशीच राहिली होती.

म्हणजे एक नंबरच्या अर्जाला दरवर्षी तोच ओटा. पण ते नंबर दरवर्षी त्याच बायकांना का मिळावेत?

“अर्ज द्यायला कधी येता?” मी सखूबाईंना विचारले.

“पहिल्या दिशी, पहिल्या जीपनं. उशीर झाला तर तुमी म्हननार, मुदत संपली.”

“आणि गावातले?”

“ते सावकाश येतात,” साळवे म्हणाले. “पोपटशेठ तर शेवटच्या दिवशी, जेवण करून.”

उलगडा झाला. कार्यालय उघडण्याआधी बायका दारात असत. अर्ज येईल तसा नंबर पडे, म्हणून सुरुवातीचे सगळे नंबर त्यांचे, आणि त्या सीडमधून योगायोगाने नेमके तेच नाल्याकडे जात. पोपटशेठ मसाल्याचे व्यापारी. त्यांचा शेवटचा नंबर दरवर्षी पहिल्या रांगेत. मी सर्वांसमोर प्रोग्राम दोनदा चालवला. दोन्ही वेळा तीच यादी आली.

“मंजी साळवेभाऊंनी काय केलं न्हाई?”

“काहीच नाही.”

“तीन वर्षं शिव्या दिल्या, सखूबाई. आता चहा पाजा,” साळवे म्हणाले.

“आधी जागा मिळू द्या.”

यंदाची सोडत रद्द झाली. सीडची ओळ पुसली की माझे काम संपले असते. पण पोपटशेठ म्हणाले, “आता तुम्ही आतून काय फिरवाल, आम्हाला काय कळणार?”

मुद्दा बरोबर होता. म्हणून मी ओळ ठेवली. सीड मात्र लोकांकडून घ्यायचे ठरवले.

अर्जांची यादी आणि प्रोग्राम आदल्या दिवशीच फलकावर लावले. बाजाराच्या दिवशी पाच विक्रेत्यांच्या हाती शाळेतल्या पाट्या दिल्या. पोपटशेठ आणि सखूबाई त्यांत होते. प्रत्येकाने झाकून एक अंक लिहायचा आणि सगळ्यांनी एकदम पाट्या फिरवायच्या. दुसऱ्याचा अंक पाहून आपला ठरवायला कोणाला वाव नको. पाच अंकांची जी संख्या झाली, तेच सीड. ते तीन ठिकाणी टाकले: माझ्या लॅपटॉपवर, कार्यालयातील कॉम्प्युटरवर आणि हायस्कूलच्या बाईंनी आणलेल्या लॅपटॉपवर.

तिन्ही याद्या शब्दशः सारख्या. बाईंनी त्यांची यादी मोठ्याने वाचली, साळवेंनी आपल्या यादीवर खुणा केल्या. डोंगरावरच्या बायकांचे ओटे आता बाजारभर विखुरले होते. सखूबाईंना एसटी थांब्यासमोरचा ओटा मिळाला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. मागे उभ्या असलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पोपटशेठना नाल्याकडचा मिळाला.

“परत एकदा फिरवा,” ते म्हणाले.

त्याच सीडने प्रोग्राम पुन्हा चालवला. नालाच आला.

“शेठ, सात तुमीच लिवला की,” सखूबाई म्हणाल्या. “आता नाचनी लागली तर थांब्यापाशी या. लई लांब न्हाई.”

सगळे हसले. पोपटशेठही हसले, जरा उशिरा.

साळवेंवरील आरोप बायकांनी लेखी मागे घेतला आणि चहाही पाजला. सोडतीवर एकही हरकत आली नाही. ज्या गुणामुळे तीन वर्षे अन्याय झाला, त्याच गुणाने सोडत खरी असल्याचे सिद्ध झाले: तेच सीड, तीच यादी. फरक इतकाच, की या वेळी सीड सगळ्यांसमोर ठरले होते.

पोपटशेठ त्यानंतर रोज कार्यालयात जात राहिले. पंधरवड्यात नाल्यावर फरश्या पडल्या. गैरसोय कोणाच्याही वाट्याला येऊ शकते असे झाले, की ती लवकर दूर होते.