सामानाच्या खोलीतले पाहुणे

जळणाऱ्या टायरचा वास एकदा नाकात बसला की आयुष्यभर अवचित परत येतो. चौऱ्याऐंशी साली, पंतप्रधानांच्या हत्येनंतरचे ते दिवस; दिल्लीत थंडीची नुकती चाहूल लागली होती. पण त्या सकाळी लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टर्सवर काळवंडलेलं आकाश वाकून आलं होतं, आणि शिखांची घरं शोधत जमाव हिंडतोय ही बातमी कुजबुजत जिने चढत होती.

तळमजल्यावर एल्सकाकू राहत. जन्मानं डच, लग्नानं मराठी. काका तेव्हा दौऱ्यावर होते. समोरच्या घरातले गुरमीतसिंगजी आणि त्यांच्या पत्नी सिमरनजी यांना काकूंनी चहा पाजून आपल्या सामानाच्या खोलीत बसवलं, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मला हाक मारून खाली बोलावलं. मी तेव्हा कॉलेजात शिकत होते. वडिलांची नोकरी, आईचा चेहरा, क्षणभरात काय काय आठवलं! तरी गेले. काकूंनी माझ्याही हातात चहाचा कप ठेवला.

गुरमीतसिंगजी केस कापायला कात्री मागत होते. काकू म्हणाल्या, "नहीं भाईसाहब. आप यहाँ छुपने आए हैं, बदलने नहीं." मग त्यांनी पुढचं दार सताड उघडलं. मी दचकले.

"बंद दारावर लाथा बसतात गं," त्या म्हणाल्या. "उघड्या दारातून लोक नुसते डोकावतात. युद्धात आईनं शिकवलं."

दुपारी ते आले. हातात सळ्या. "सरदार कहाँ है?"

"सुबह ही चले गए," गाजर किसता किसता काकू म्हणाल्या.

पुढचा माणूस माझ्याकडे वळला. "तू बोल!"

आणि त्याच वेळी मला टेबलावरचे उष्टे कप दिसले. घरात आम्ही दोघी, कप चार! "सुबह मम्मी-पापा यहाँ चाय पी रहे थे," मी म्हणाले, "तब हम सबने उन्हें टैक्सी में जाते देखा." त्यानं कप पाहिले, मला पाहिलं, आणि तो वळला.

मग समोरचं कुलूप तुटलं. आपल्याच संसाराची भांडी आदळताना सिमरनजी आतून ऐकत होत्या, तोंडात ओढणीचा बोळा कोंबून. तो अर्धा तास कोणत्या घड्याळानं मोजावा?

लष्कर रस्त्यावर उतरल्यावर, तिसऱ्या दिवशी, दोघं सुखरूप मदत छावणीकडे निघाले. त्यांची गाडी वळली आणि इतके दिवस अविचल असलेल्या काकू पायरीवर बसून रडू लागल्या.

"हॉलंडमध्ये आम्ही दोन ज्यू बहिणींना सव्वा वर्ष माळ्यावर लपवलं. दोघी वाचल्या. सगळे तेवढंच विचारतात. पण एकदा एक बाई तान्ही मुलगी घेऊन आली होती. जागा नव्हती. बाबा म्हणाले, नाही म्हणून सांग. मी सांगितलं."

"कुठं गेली ती, काकू?"

"तेच तर कधी कळलं नाही."

आपण शौर्याची गणना वाचलेल्या माणसांवरून करतो. पण चाळीस वर्षं ज्यांनी काकूंना स्वस्थ बसू दिलं नाही, ती माणसं त्या गणनेत कधी आलीच नव्हती. मग काकूंनी पदर खोचला, झाडू उचलला, आणि आम्ही दोघी समोरच्या घरातल्या काचा वेचायला गेलो.