आप्पांच्या ओवीचा बॅकअप

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी नेमानं वाचते... पण मनातल्या मनात हसत. राग मानू नका, माझा धंदाच तसा आहे. भूमला माझा कॉम्प्युटर क्लास आहे आणि जोडीला दुरुस्तीची कामं. अधूनमधून कुणीतरी लॅपटॉप बगलेत मारून येतं आणि हळू आवाजात सांगतं, मॅडम, याला बाहेरचं काहीतरी झालंय. मी आतल्या फालतू फाइल्स उडवते, पंख्यातली धूळ काढते आणि बाहेरचं उतरतं. एकानं तर लिंबू-मिरची बांधलेला सीपीयू आणला होता. वाळकी मिरची पंख्यात अडकली होती, तेवढीच काय ती बाधा.

तर अशा बाईच्या बाबतीत हे झालंय. हसायचं तर हसा, मी बोलणार नाही.

माझं माहेर ईट, भूम तालुक्यातलंच. आप्पा, म्हणजे माझे वडील, जन्मभर मेंढरांमागे फिरले. आता कळप लहान झालाय. घरामागच्या रानात जाळी लावून मेंढरं बसवतात आणि स्वतः तिथंच लिंबाखाली बसतात. भाऊ पुण्याला नोकरीला आहे, त्याला यातलं काही नको. घरी आई आणि आप्पा दोघंच.

आमच्या घराची एक ओवी आहे. यात्रेत ढोलावर गातात ती देवाची ओवी वेगळी, ती सगळ्यांनाच येते. ही आमच्या घरची. आमचे पूर्वज मेंढरं घेऊन कुठून निघाले, कुठल्या ओढ्याला उतरले, कुठं काय गमावलं, त्याची. म्हणायला बसलं तर सकाळची दुपार होते. ती दोघांनी म्हणायची असते — एकानं ओळ टाकायची, दुसऱ्यानं उचलायची. आप्पा टाकायचे आणि त्यांचे चुलतभाऊ धोंडीतात्या उचलायचे. चारचौघांत कधीच नाही, फक्त मेंढरांत. मी एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करायला गेले, तर आप्पांनी मोबाइल माझ्या हातातून घेऊन बंद केला. रागावले नाहीत, पण त्या दिवशी पुढं म्हटलीही नाही.

मग तात्या वारले. त्यांचं सगळं क्रियाकर्म उरकल्यावर आप्पाच एक दिवस मला म्हणाले, "तात्याची जागा मोकळी झाली. आता लिही."

मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. पण संधी सोडायची नाही म्हणून दर रविवारी लॅपटॉप घेऊन ईटला जायला लागले. आप्पा सांगायचे, मी टाइप करायची. त्यासाठी मी लेखकांसाठीचं एक फुकट ॲप घेतलं होतं, कुणा एकट्या माणसानं हौसेनं बनवलेलं. प्रत्येक कडवं वेगळं ठेवता येतं म्हणून मला ते आवडलं. उन्हाळाभर हे चाललं आणि शेवटी ओवी पुरी झाली. आप्पांना मी स्क्रीनवर सगळं खालपर्यंत सरकवून दाखवलं. त्यांना वाचता येत नाही, पण बराच वेळ बघत बसले. माझा आनंद तर गगनात मावत नव्हता. आप्पांबरोबर संपली असती, ती ओवी मी वाचवली होती.

आता पहिलं काम बॅकअप. क्लासमध्ये प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी मी हेच घोकून घेते. लॅपटॉप जुना, आप्पांचं वय झालेलं. दोन्हीपैकी एकाला काही झालं तर काय, ही धाकधूक मला होतीच.

ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅकअप फोल्डर निवडला. ओके दाबलं... आणि ॲप बंद. सरळ गायब.

फोल्डरचं नाव मराठीत होतं. अशा ॲपना देवनागरी नावं पचत नाहीत, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. नाव इंग्रजी केलं. ओके. बंद. परवानग्या तपासल्या, अँटीव्हायरस बंद केला, ॲप काढून पुन्हा टाकलं. पेन ड्राइव्ह दिला, दुसरा पेन ड्राइव्ह दिला. दर वेळी ओके दाबलं की ॲप बंद.

मग क्लासच्या नोट्स त्याच ॲपमध्ये उघडल्या, तोच फोल्डर दिला — बॅकअप निमूट झाला. म्हणजे फोल्डर ठीक, ॲप ठीक. घोटाळा ओवीच्या फाइलमध्ये. मी नवीन फाइल काढून त्यात फक्त एक कडवं हलवून बघितलं. तरीही बंद.

शेवटी ॲपवाल्याला मेल केला, सोबत लॉग पाठवला. लॉग म्हणजे ॲपनं काय काय केलं त्याची नोंद. त्याचं उत्तर सभ्य होतं, पण ते वाचून मी खुर्चीत जरा ताठ झाले. त्याचं म्हणणं, ॲप क्रॅश झालेलंच नाही. लॉगप्रमाणे दर वेळी कुणीतरी बंद करायचं बटण दाबून ते नीट बंद केलेलं आहे. बॅकअप घेताना तुमचा हात चुकून तिकडं जातोय का, असं त्यानं विचारलं होतं. मी क्लास चालवणारी बाई! मला खरं तर त्याचा रागच आला.

त्या रागातच मी ठरवलं, ॲपचा बॅकअप गेला खड्ड्यात. मजकूर माउसनं ओढून सिलेक्ट केला आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पेन ड्राइव्हवर टाकला. ओवीचा पहिला मोठा भाग गेला असेल तेवढ्यात क्लासमधून कुणी हाक मारली. बाकीचं नंतर, म्हणून मी उठले. ॲप अडवत होतं, मी मागच्या दारानं गेले होते.

पुढच्या रविवारी ईटला गेले तर आप्पा लिंबाखाली गप्प बसलेले. मेंढरं ऊन खात उभी. मला बघितल्यावर त्यांनी जे विचारलं ते मी जन्मात विसरणार नाही.

"सुरुवात कुठं गेली गं?"

मी म्हटलं, कसली सुरुवात आप्पा?

"ओवीची. लई हुडकली. न्हाय घावत."

माझ्या मनात एकच आलं, विसरण्याचा आजार. दुसऱ्याच दिवशी त्यांना बार्शीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नाना प्रश्न विचारले. आप्पांनी सगळी उत्तरं दिली, वर कोणती मेंढी कोणत्या मेंढीची, हेही ऐकवलं. डॉक्टर हसून म्हणाले की यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. पण परतीच्या वाटेवर आप्पा खिडकीतून बाहेर बघत ओठ हलवत होते, आणि आवाज निघत नव्हता. मला रडू येत होतं. मी ते आवरलं, कारण आई शेजारी होती.

घरी आल्यावर आप्पा तडक रानात गेले. मी पाठोपाठ गेले. त्यांनी डोळे मिटले आणि एकदम म्हणायला लागले... पण सुरुवातीपासून नाही. मधूनच. अहो, ओळीच्या सुरुवातीपासूनही नाही, एका शब्दाच्या मधूनच. अर्धा शब्द. असं कुणी म्हणत नाही.

मला ती जागा ओळखीची वाटली. घरात पळत आले आणि लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावला. घाईत सिलेक्ट केलेला मजकूर जिथं संपत होता, तिथला शेवटचा शब्द अर्धाच आला होता. राहिलेल्या अर्ध्या शब्दापासून आप्पा म्हणत होते.

मी पेन ड्राइव्हवरची ती फाइल डिलीट केली. खिडकीतून रान दिसत होतं. आप्पा मधेच थांबले, मान वर केली, आणि सुरुवातीपासून म्हणायला लागले. अगदी पहिल्या ओळीपासून, खणखणीत आवाजात.

इथंच थांबायला हवं होतं. पण सवय वाईट. एकदा झालं तर योगायोग, म्हणून मी तोच भाग पुन्हा पेन ड्राइव्हवर टाकला.

आवाज थांबला.

मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या ऐकू येत होत्या. मी घाईघाईनं फाइल उडवली. आवाज आला नाही. मग पेन ड्राइव्ह पूर्ण पुसला, काढून जमिनीवर ठेवला. तरी नाही. आप्पा दोन्ही हातांनी डोकं धरून बसलेले दिसत होते, आणि मी नास्तिक बाई, हात जोडून कुणाला तरी विनवत होते की एवढं परत दे, पुन्हा नाही करणार. किती वेळ गेला कोण जाणे. मग लांबून, बारीक, ओवीची पहिली ओळ ऐकू आली.

मी वळले तर दारात आई उभी. तिनं सगळं बघितलं होतं.

"ती वव्वी दोघांपाशीच ऱ्हाती, बाई," आई म्हणाली. "तिसऱ्याला दिली की म्हाताऱ्याच्या तोंडातनं जाती. तुझ्या आज्याचं तसंच झालतं. आप्पा आन् तात्या, दोघांनी एकदमच शिकली. पुढं आजा बसला मुक्यावानी."

मी विचारलं, मग तू मला आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, मशिनीलाबी मोजत्यात हे मला काय ठावं.

म्हणजे तात्यांच्या मोकळ्या जागेवर माझी फाइल बसली होती. आप्पा एक आणि फाइल दोन. बॅकअप तिसरा. आणि आणखी एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली — उन्हाळाभर ओवी मी स्वतः टाइप केली, पण मला त्यातली एक ओळही तोंडपाठ आठवत नव्हती. आईचंही तेच. जन्मभर ऐकली, पण तोंडात बसली नाही.

आप्पांना मी काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, मी शिकले तर चालेल का? आमच्यात बायका ही ओवी म्हणत नाहीत. आप्पांनी शेजारची जागा हातानं झाडली.

"तात्याच्या जागी बस," एवढंच म्हणाले.

पण बसायचं तर आधी फाइल पुसायला हवी होती. सगळ्या तालुक्याला बॅकअपचे धडे देणारी मी... ओवीची जगातली एकमेव लिहिलेली प्रत माझ्या हातानं कायमची पुसली. त्यानंतरचा काळ कसा गेला, ते विचारू नका. ओवी फक्त आप्पांच्या तोंडात होती आणि मी कडव्यामागं कडवं शिकत होते. त्यांना साधा ठसका लागला तरी माझा जीव वरखाली व्हायचा. रात्री आईचा फोन वाजला की पहिल्या रिंगलाच उचलायची. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी माझी ओवी पुरी झाली. आता आप्पा टाकतात आणि मी उचलते.

हे सगळं योगायोग, भ्रम, म्हातारपण यांत बसतं का, ते मी खूप बसवून बघितलं. अर्धा शब्द कशातच बसत नाही. लॉगमध्ये ते बंद करायचं बटण कुणी दाबलं, तेही मला सांगता येणार नाही. कुणाला सांगता आलं तर जरूर सांगा, मी या वेळी हसणार नाही.

एक राहिलं. हा अनुभव मी त्याच ॲपमध्ये लिहिलाय. तुम्हाला चव कळावी म्हणून आज सकाळी शेवटी ओवीच्या दोन ओळी घातल्या. दोन ओळींनी काय होतंय, असं वाटलं. लगेच बॅकअप फोल्डर निवडला, ओके दाबलं — ॲप बंद.

तशीच उठले आणि आईला फोन लावला. आप्पा काय करतायत, विचारलं. आई म्हणाली, वव्वी म्हणत होते, आत्ता मधेच थांबलेत, माझ्याकडं बघत्यात.

फोन कानाशी धरून मी ॲप पुन्हा उघडलं, त्या दोन ओळी शोधल्या आणि पुसल्या. मग आईला म्हटलं, फोन त्यांच्याजवळ ने. घंटा ऐकू आल्या. आप्पा खाकरले. त्यांनी ओळ टाकली आणि थांबले. विसरले होते म्हणून नाही, मी उचलावी म्हणून.

मी उचलली.