बाटलीतलं रक्त, अंगातलं रक्त

कोंडीबा मूळचा माणचा. सगळी हयात मेंढरांमागं गेली आणि उतारवयात नोकरी लागली तीही मेंढरांचीच, सांगलीतल्या एका प्रयोगशाळेच्या गोठ्यात. संयोगिता मॅडम तिथं रक्तातल्या जंतूंवर संशोधन करत. कोंडीबा मेंढीला मांडीशी धरून गोंजारी आणि मॅडम तिच्या मानेतून थोडं रक्त काढत.

मेंढरू कापताना रक्त परातीत बघता बघता थिजतं, हे त्याला ठाऊक. मॅडमच्या बाटलीतलं मात्र दुसऱ्या दिवशीही पातळच. एकदा त्यानं विचारलंच, "आवं मॅडम, ह्ये थिजत कसं न्हाई?"

"लिंबाच्या सताचं मीठ असतं त्यात. रक्त गोठलं तर जंतू कसे मोजणार?" मॅडम घाईत होत्या. अडाण्याशी सोपं बोलावं हे खरं, पण सोपं म्हणून अर्धंच सांगू नये.

त्याच सुमाराला त्याच्या बायकोच्या, राहीबाईच्या पोटरीत रक्ताची गुठळी झाली. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दिल्या. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तशी ती घाबरली. कोंडीबा म्हणाला, "ऱ्हाऊ दे त्या गोळ्या. लिंबूफूल आनतो, लिंबाचंच सत त्ये. आमच्या मॅडम त्येच वापरत्यात." ऐकीव गोष्टींवर तो कधी भुलला नाही, हे तर डोळ्यांनी पाहिलेलं होतं. दुकानातून पुडी आली. रोज सकाळी तो आपल्या हातानं पाण्यात कालवून तिला देई.

एके दिवशी भाकरी थापता थापता राहीबाईला धाप लागली. पोटरीतली गुठळी छातीत गेली होती. रिक्षा दारात येईस्तोवर खेळ आटोपला.

तेरावा उरकून तो कामावर आला. राहीबाई गुठळीनं गेल्याचं ऐकून मॅडमनी विचारलं, "गोळ्या चालू होत्या ना?" त्यानं काही न लपवता सगळं सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "कोंडीबा, ते बाटलीतच काम करतं हो. पोटात गेलं की जिरून जातं. मी सांगायला हवं होतं." आणि त्या रडायला लागल्या.

इतके दिवस कोंडीबा दैवाला बोल लावत होता. आता तोही आधार गेला.

"तुमी नका रडू," तो म्हणाला. "तुमी मेंढीचं सांगितलं व्हतं. पाजलं म्या." तो जवळच्या मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "तिला आंबट सोसत नव्हतं, मॅडम. नगं म्हनायची. मीच म्हनायचो, माज्यासाटी पी."