गल्लीचे जांब

मुर्तीना तैवानहून कायमची घरी आली, तेव्हा परसातली जांबाची झाडं फळांनी लगडली होती आणि त्यातलं एकही फळ तोंडात घालण्याजोगं नव्हतं. वरून लालचुटूक, आत अळ्यांची वळवळ. त्यांच्या देमाक भागात जांब म्हणजे घराची अब्रू. परमुलखात परक्या म्हातारीची सेवा करताना ती बापाला, वागिमानला, दर बहराला फोनवर विचारायची, "बाबा, यंदा फळ कसं आहे?" आणि म्हातारा म्हणायचा, "झकास!"

"खोटं कशाला बोललात?" तिनं विचारलं.

"तू तिकडून काय करणार होतीस, नडुक?" लेकीला तो लाडानं नडुकच म्हणायचा. "उगाच जिवाला घोर."

मुर्तीनानं पदर नसला तरी कंबर कसली. दाट फांद्या छाटून झाडात ऊन खेळवलं. घोस विरळ केले. बापानं जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या शिवल्या, तिनं त्या कोवळ्या फळांवर बांधल्या. पिशवीतली फळं वाचली. पण शेंड्यावरची, जिथे हात पोचला नाही ती, पुन्हा किडली. फळात अंडी घालणाऱ्या या माश्या येतात कुठून?

कुंपणापलीकडून. तिथे शेजारच्या जुमाडीचं जुनं जांबाचं झाड होतं आणि त्याखाली सडक्या फळांचा चिखल. जुमाडी आणि वागिमान यांच्यात एका बकरीवरून भांडण झालं होतं, तेव्हापासून बोलणं बंद. मुर्तीना सकाळीच टोपली घेऊन त्याच्या अंगणात शिरली.

"ए, चोरी करतेस?" जुमाडी ओट्यावरून ओरडला.

"सडकी फळं आहेत, काका."

"सडकी असली तरी माझी आहेत!"

तिनं एक फळ फोडून त्याच्यासमोर धरलं. आतली अळी टुणकन उडून त्याच्या लुंगीवर पडली.

"हीसुद्धा तुमचीच ना? उद्या हिची माशी होईल. ती काही कुंपण बघून उडत नाही."

जुमाडीनं लुंगी झटकली. "ने काय न्यायचं ते. पण बापानं पाठवलं असेल तर याद राख."

"बापाला कळलं तर तोही मला हेच म्हणेल."

मग ती घरोघर फिरली. पडलेलं फळ रोज वेचायचं, गल्लीच्या टोकाच्या खड्ड्यात टाकायचं आणि वर माती लोटायची, एवढंच तिचं मागणं. बायका हसल्या. "तैवानला जाऊन हेच शिकलीस? कचरा उचलायला?" मुर्तीनाला लागलं, पण तिनं टोपली खाली ठेवली नाही. ज्यांनी वेचलं नाही त्यांच्या झाडाखालचं तिनंच वेचलं. शेवटी लाजेकाजेनं एकेक घर बाहेर पडू लागलं.

एके सकाळी बाप-लेक खड्ड्यावर माती ओढत होते, तेवढ्यात जुमाडी स्वतः टोपली घेऊन आला. फळं ओतली आणि आभाळाकडे बघत म्हणाला, "खड्डा उथळ आहे. माश्या वर येतील."

वागिमाननं मान वळवली नाही. "मग खण की. हात मोडलेत का?"

जुमाडीनं कुदळ घेतली. दोघं म्हातारे एकमेकांच्या खणण्याला नावं ठेवत दुपारपर्यंत खणत राहिले. मुर्तीना बाजूला उभी राहून हसू दाबत होती.

पुढचा बहर आला तेव्हा जुमाडीच्या नातीचं लग्न होतं. त्यानं बाजारातून फळं आणली नाहीत. गल्लीतल्या प्रत्येक घरून एकेक परडी आली आणि पाहुण्यांपुढे जांबांची रास लागली. नवऱ्याच्या आईनं सवयीप्रमाणे फळ फोडून आत बघितलं. पांढराशुभ्र गर. दुसरं फोडलं, तेही तसंच. तिसरं तिनं न बघताच चावलं आणि रस हनुवटीवरून ओघळला.

"कुठले हो हे?"

"आमच्या गल्लीचे," जुमाडी छाती काढून म्हणाला. मग घसा खाकरला. "म्हणजे, या वागिमानच्या लेकीनं आम्हा सगळ्यांना वाकायला लावलं, त्याची ही फळं."

वागिमान मांडी सावरून ताठ बसला आणि कोण कोण ऐकतंय हे डोळ्यांनी बघून घेतलं. मुर्तीनाला भरून आलं. परदेशातून तिनं घराला किती काय पाठवलं होतं, पण बापाला असं बसलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं.

विहीणबाई तिच्याजवळ सरकल्या. "मला या झाडाच्या फांदीला एक गुटी बांधून रोप करून देशील का गं?"

"देईन की," मुर्तीना म्हणाली. "पण त्याआधी तुमचं शेजाऱ्यांशी बोलणं आहे ना, ते सांगा."