आई निघताना काय म्हणाली

लग्नाच्या व्हिडिओतून नको ती माणसं तो इतक्या सफाईने उडवायचा, की गल्लीत त्याला सगळे कात्रीच म्हणत. जांभया देणारे काका, ताटावर तुटून पडलेले पाहुणे, कोपऱ्यात धुसफुसणारे साडू. एकदा कात्रीच्या हाताखालून गेलं की कुठलंही लग्न देखणं व्हायचं. बोलणं तर त्याच्या लेखी निव्वळ कचरा. घरी आल्या आल्या आवाज पुसायचा, वर गाणं चढवायचं आणि कॅमेऱ्याचं कार्ड कोरं करून पुढच्या लग्नाला मोकळं. गिऱ्हाइकंही खूश असत, कारण पुसलेल्या बोलण्यात कुणी ना कुणी कुणाला तरी नावं ठेवतच असायचं.

सख्ख्या बहिणीच्या लग्नातही त्याने नियम मोडला नाही.

आई गेल्यावर दीड महिन्याने बहिणीचा फोन आला. ती लांब परमुलखात नांदत होती. आधी इकडचं तिकडचं झालं, बाबांच्या गोळ्यांचं झालं, मग हळूच म्हणाली, "दादा, मी सासरी निघताना आई माझा चेहरा धरून काहीतरी सांगत होती बघ. रडण्याच्या नादात मला काही कळलंच नाही. माझ्याकडच्या व्हिडिओत नुसती बासरी वाजतेय. तुझ्याकडे मूळ असेल ना?"

"बघतो," तो म्हणाला. बघण्यासारखं काही उरलं नाही हे त्याला तेव्हाच ठाऊक होतं, पण जीभ रेटेना.

मग आठवडाभर तो तिला टाळत राहिला. कधी नेट नाही, कधी काम फार. मधल्या वेळात निरोपाचा तो तुकडा त्याने इतक्यांदा लावला, की बाबांनी बाहेरून दार ओढून घेतलं. आईचे ओठ हलायचे, थांबायचे, परत हलायचे. बासरी मात्र दम घेत नव्हती.

शेवटी खणाच्या तळाशी एक जुनं कार्ड सापडलं. नवा कॅमेरा घरीच तपासून पाहिला होता, त्यातला अकरा सेकंदांचा तुकडा, आवाजासकट. स्वयंपाकघराच्या दारातून आई येते. काहीतरी सांगायला तोंड उघडते. तेवढ्यात त्याचाच खणखणीत आवाज येतो, "आई, बाजूला हो ना, मध्ये येतेयस." आई तोंड मिटते आणि चप्पल घासत निघून जाते.

आपलं वाक्य तेवढं उडवावं म्हणून त्याने माउस हातात घेतला. बराच वेळ तसाच धरून बसला. मग तुकडा आहे तसा बहिणीला पाठवला, आणि मूळ आवाज आपणच पुसल्याचंही खाली लिहून टाकलं.

तिचा फोन यायला अर्धा तास गेला. निरोपाचं तिने काहीच विचारलं नाही.

"डावी चप्पल घासतेय बघ," ती म्हणाली. "पट्टा शिवून आण म्हणून किती मागे लागली होती तुझ्या."

"हो," तो म्हणाला. "दाराशीच आहे अजून. तशीच."