उजेडावरचा आळ

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आजपासून या घरात ट्यूबलाइट लागणार नाही, टीव्ही सुरू होणार नाही आणि पेटलेला कंदील कोणीही हलवणार नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी हा हुकूम मीच काढला होता, किन्हवलीजवळच्या आमच्या घरी, ओटीवर उभं राहून. धाकट्या बहिणीला फिट यायच्या, डॉक्टरची गोळी चालू असूनही. लुकलुकत्या उजेडाने फिट येते, असं मी एसटी स्टँडवर शेजारच्या माणसाच्या पेपरात अर्धवट वाचलं. उरलेलं वाचायच्या आत एसटी आली.

पुरावा मात्र भक्कम होता. नवरात्रात मंडपातले रंगीत दिवे उघडझाप करायचे आणि पाचव्या-सहाव्या दिवशी बहीण पडायची. शिवरात्रीच्या जत्रेतली रोषणाई बघून आली, घरी पडली. दिवाळीत मात्र काहीच झालं नाही. मी गोंधळलो, मग ठरवलं की पणतीचा उजेड स्वभावाने गरीब असतो.

तीन वर्षं आम्ही एका मिणमिणत्या बल्बखाली जेवलो. वडिलांनी दोनदा आमटी समजून ताक भातावर घेतलं. तक्रार केली नाही. मुलगा शिकलेला होता.

मग बहिणीला वाशिंदच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. सोमवारी हजर व्हायचं होतं. वडील म्हणाले, "तिथं डोक्यावर ओळीनं टूबलाइटी. नाय जायचं." ती रडली नाही, भांडली नाही. बोलायचीच थांबली. दोन दिवस ते सोसून आम्ही चौघं कल्याणला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. माझ्या शास्त्रावर तिथे शिक्का बसेल, अशी माझी खात्री.

तिथे बहिणीच्या डोक्याला वायरी चिकटवल्या आणि डोळ्यांसमोर चक्क एक दिवा लुकलुकवला. आईने स्वतःचे डोळे गच्च मिटले. मी धावायच्या तयारीत. बहीण निवांत पडून होती.

"उजेडाने फिट येणारे शंभर रुग्णांत साधारण तीन," बाई कागद चाळत म्हणाल्या. "कोवळ्या वयात थोडे जास्त. हिच्यात तसं काही दिसत नाही."

वडील विचारात पडले. "आमच्या गावात फिटवाली ही एकटीच. मंग शंभरात हिचा नंबर कितवा?"

बाई माझ्याकडे बघू लागल्या. मी पंख्याकडे. खरं सांगतो, तो प्रश्न मलाही पडला होता. तीनच जणांना होतं तर पेपरात छापलं कशाला? आणि उजेड नाही, तर नवरात्रच का?

"गोळी रोज घेते?" बाईंनी विचारलं.

"घेते की," आई म्हणाली. "रातच्याला जेवल्यावर एक. चिठ्ठीवर तसंच लिवलंय."

"आणि उपासाला?"

"उपासाला जेवण कुठं असतं बाई? मंग गोळी कशी घेल?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. सोमवार, चतुर्थी, शिवरात्र आणि नवरात्राचे सलग नऊ दिवस असे उपास आईने बोटांवर मोजून दाखवले, जरा अभिमानानेच. ती पडली त्या दर वेळी दिवे लागत होते हे आम्ही पाहिलं होतं. दर वेळी गोळी बंद होती, हे चौघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"गोळी बुडते म्हणून फिट येते," बाई म्हणाल्या. "उपास असो नसो, गोळी रोज. रिकाम्या पोटी राहणंही नको. ट्यूबलाइटखाली पॅकिंग खुशाल करू दे."

"पण नवरात्राचं कसं करायचं?" आई म्हणाली. वडील म्हणाले, नवस बोललेला आहे. मी म्हणालो, दोन्ही बाजू तपासल्या पाहिजेत. तिघेही एकदम बोलत होतो, तेवढ्यात केसांतला चिकट लेप पुसत बहीण दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी:

"तीन वरसं मला अंधारात बसवलीत. सोमवारी मी कामाला चालले, माजे उपास तुमी तिघं वाटून घ्या."