गोमाईच्या वाटेवरचा एक तास

शहाद्याच्या बाजारपेठेत अभिनंदन यांचं साड्यांचं दुकान आहे. त्यांची बायको फाल्गुनी एक्केचाळीस वर्षांची. जैनांचं घर, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची. अभिनंदन घाईघाईने जेवून पुन्हा गल्ल्यावर जाऊन बसत, सासूबाई कंकुबाई माळ घेऊन सामायिकाच्या जपाला बसत. शेजारच्या घरांतून कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या, तेव्हा फाल्गुनीचा ओटा पुसून कोरडा झालेला असे. लेक रिंकू पुण्याला शिकायला गेल्यापासून तर हाकही मारणारं कुणी उरलं नव्हतं.

मग ती चपला घालून निघे. घरामागची गल्ली संपली की केळीचे मळे लागत आणि त्यांच्या कडेने एक पायवाट गोमाई नदीपर्यंत जाई. जायला वीस मिनिटं, यायला वीस, आणि मध्ये काठावर उभं राहायचं. कधी गुणगुणायचं, कधी नुसतंच बघायचं. त्या तासात ती कुणाची सून नसे, कुणाची भाभी नसे. सहा वर्षं हा नेम चालला. कुणी विचारलं तर ती सांगे, "पचायला बरं पडतं." खरं कारण तिने कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी परतताना मागून मोटारसायकल आली. दोघं होते. मागचा उतरला आणि त्याने तिचं मनगट धरलं. म्हणाला, "चैन काढा." आवाज चढवलासुद्धा नाही त्याने. ओरडावं म्हणून फाल्गुनीने तोंड उघडलं, तर घशातून वारासुद्धा निघाला नाही. तिने मोकळ्या हाताने मानेमागची कडी स्वतः उघडली आणि चैन त्याच्या हातावर ठेवली. मोटारसायकल गेली. मनगटावर पाच बोटं उमटून राहिली.

घरी तिने सांगितलं, "ओढून नेली." पोलिसांतही तेच लिहून दिलं.

"सोनं परत येईल," अभिनंदन म्हणाले. "तू आता तिकडे जाऊ नकोस."

ती गेली नाही. जेवणं त्याच वेळी आटोपत, ओटा त्याच वेळी कोरडा होई आणि तो तास समोर येऊन बसे. ती गच्चीवर फेऱ्या मारून बघे. अकरा पावलं झाली की टाकी आडवी येई. केळीच्या मळ्यांवरून गार वारा आला की तिचे पाय आपोआप जिन्याकडे वळत आणि तिथेच थांबत. चैनीसाठी तिचा जीव एकदाही तुटला नाही. त्या पायवाटेसाठी मात्र माहेरासाठी तुटावा तसा तुटे.

संक्रांत झाल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, "मला स्वतःला वाचवायला शिकायचंय."

अभिनंदन हसले नाहीत. म्हणाले, "शिक. पण काय शिकणार?"

तेच तर तिला माहीत नव्हतं. आधी ती शाळेच्या मैदानावर भाईदास सरांच्या कराटेच्या वर्गाला गेली. आठ-नऊ वर्षांच्या पोरांच्या रांगेत पंजाबी ड्रेस घालून ती एकटीच मोठी. सर मायेने म्हणाले, "भाभी, घाबरू नका, तुमले जमी." पोरं हवेत ठोसे मारत आणि प्रत्येक ठोशाला गरजत. फाल्गुनीचा ठोसा जाई, गर्जना येत नसे. आठवडाभराने तिच्या मनात आलं, ज्याने हात धरला तो हवेत थोडाच होता? तो तर अगदी जवळ होता.

मग कॉलेजच्या एका मुलाचा तायक्वांदोचा वर्ग बघितला. तिथे पाय समोरच्याच्या कानापर्यंत न्यायचा होता. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला आणि कंकुबाईंनी शेकायला मिठाची पुरचुंडी करून दिली. देताना म्हणाल्या, "बींदणी, आपण चुकून मुंगी मेली तरी क्षमा मागणारी माणसं. हे मारामारीचं खूळ कशाला?"

तिसरा वर्ग ज्युदोचा. एका शाळेच्या हॉलमध्ये सकाळी सहा वाजता गाद्या अंथरून भरणारा. शिकवणारी रूपली पावरा, धडगावकडची, तिशीतली, बुटकी आणि खांद्याने रुंद. तिने फाल्गुनीला फी सांगितली नाही की पट्ट्यांचे रंग सांगितले नाहीत. आधी विचारलं, "भाभी, तुम्हाला झालं काय होतं?"

"मनगट धरलं होतं."

"मग धरलेलं सोडवायला शिकू. त्याच्याआधी पडायला शिका."

पंधरा दिवस फाल्गुनी नुसती पडत होती. मागे, डावीकडे, उजवीकडे. हनुवटी छातीला, तळहात गादीवर सपकन. लग्नानंतर आपण एकदाही जमिनीवर लोळलो नाही, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला हसू फुटलं. घरी ती कंकुबाईंना म्हणाली, "यात मारत नाहीत, मम्मीजी. नुसतं पाडतात."

"पाडतात म्हणजे काय, ओवाळतात?" कंकुबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळचं दूध त्या स्वतः तापवू लागल्या.

हळूहळू मनगट सोडवणं जमलं. पकडणाऱ्याच्या अंगठ्याकडे हात वळवायचा, कोपर आत घ्यायचं, पाऊल मागे. रूपली धरी आणि फाल्गुनी सोडवी. एकदा वर्ग सुटल्यावर गाद्या उचलताना फाल्गुनी एकदम बोलून गेली, "मॅडम, नदीच्या वाटेवर ते दोघं आले ना, त्यांनी चैन ओढली नव्हती. मीच काढून दिली. माझ्या हाताने."

रूपलीने गादी खाली ठेवली. "चाकू होता?"

"दिसला नाही. मी बघितलंच नाही."

"बरं केलं दिली ते. दोघं होते, तुम्ही एकट्या. मीसुद्धा दिली असती."

"तुम्ही?"

"मग! सोन्यासाठी हात चालवायचा नाही. तुम्हालाच ओढून न्यायला लागले तर चालवायचा." मग जरा थांबून रूपली म्हणाली, "आमच्याकडे मी लहानपणी अंधारात डोंगर उतरून मामाकडे जायची. वाट दिसायची नाही, तरी भीती नसायची. इथे दिवे आहेत, तर सारखी मागे बघते."

फाल्गुनी गादीच्या कडेला बसून रडली. रूपली तिच्या शेजारी बसून राहिली.

दिवाळीच्या आधी रूपलीला धडगावकडच्या आश्रमशाळेत नोकरी लागली आणि ती जीपने घाट चढून गेली. वर्ग मोठ्या मुली चालवू लागल्या. जाताना तिने विचारलं होतं, "नदीवर कधी जाणार?" फाल्गुनी तिची पिशवी जीपमध्ये चढवत राहिली होती.

भाऊबिजेनंतर एका संध्याकाळी ओटा पुसून झाल्यावर तिने चपला घातल्या. कंकुबाईंनी माळेवरून डोळे उचलले. फाल्गुनी म्हणाली, "तासाभरात येते." त्यांनी मान डोलावली.

केळीची पानं पूर्वीसारखीच सळसळत होती. ती निम्म्यावर पोचली तोच मागून मोटारसायकलचा आवाज आला. फाल्गुनीने विचार केला नाही. ती वळली, पाऊल मागे गेलं, हात छातीसमोर आले आणि घशातून खणखणीत आवाज फुटला, "थांब!"

गाडी थबकली. मागे हिरव्या चाऱ्याचा भारा होता. "भाभी, मी छगन," गाडीवरचा म्हातारा गांगरून म्हणाला. "गायना चारा लई जाई ऱ्हायनू. घाबरनात का?"

"नाही काका. या तुम्ही."

तो गेला. ती काठापर्यंत गेली. पाणी होतं, बगळे होते, पलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडे सरकत होती. गुणगुणायला म्हणून तिने एक सूर धरला, पण मागे पानं हलली आणि तो सुटला. तिने वळून बघितलं. कुणी नव्हतं. पुन्हा सूर धरला, पुन्हा वळून बघितलं. पूर्वी जी बाई इथे पाठ सैल सोडून उभी राहायची, ती काही आली नव्हती.

तिने रूपलीला फोन लावला. तिकडे डोंगरात रेंज जाऊन येऊन होती.

"मॅडम, मी नदीवर आहे."

"अरे वा! कसं वाटतंय?"

"वाट तीच आहे. मी सारखी मागे बघते."

"मी पण," रूपली म्हणाली. "इकडे आले तरी. वाटलं होतं, गावी आल्यावर जाईल."

दोघी बोलत राहिल्या, मग रेंज गेली. फाल्गुनीने फोन पर्समध्ये टाकला आणि घराकडे निघाली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही. अजून जाते. वर्गातल्या मोठ्या मुलींपैकी दोघी हल्ली अधूनमधून तिच्याबरोबर येतात. काठावर त्या सेल्फी काढत असतात तेवढ्यात फाल्गुनी चार पावलं पुढे जाते आणि एकटी उभी राहून बघते.